नुकसानभरपाईचे पैसे खात्यात आले, आता रिटर्नमध्ये कुठे दाखवायचे?

आपल्या खान्देशात वर्षातून एकदा तरी कुठे ना कुठे नुकसान होतंच. मे-जूनचं वादळ आलं की रावेर, यावल, मुक्ताईनगरकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात, पावसाळ्यात नदीकाठची घरं पडतात, आणि २०२१ च्या ऑगस्टअखेरीस चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानदारांचा माल डोळ्यांदेखत गेला. मग पंचनामा होतो, सर्व्हेअर येतो, हेलपाटे होतात आणि कधीतरी पैसे खात्यावर पडतात. पुढच्या जुलैत रिटर्न भरायची वेळ आली की घरोघरी एकच प्रश्न, भाऊ, ह्या पैशावर टॅक्स लागतो का?

यावर बहुतेक लोक दोन टोकाचं काहीतरी करतात. एक तर गुपचूप बसतात, दाखवतच नाहीत. नाहीतर घाबरून सगळी रक्कम इतर उत्पन्नात टाकून मोकळे होतात आणि आपल्याच पडलेल्या भिंतीच्या पैशावर टॅक्स भरतात. मला दुसऱ्याचं जास्त वाईट वाटतं, कारण तो माणूस प्रामाणिक असतो आणि त्यालाच भुर्दंड बसतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधी सांगतो. नवीन आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झालाय आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत. मी खाली जे नंबर देतोय ते १९६१ च्या कायद्याचे आहेत, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या पैशासाठी तेच वापरायचे. त्यापुढच्या वर्षासाठी नवीन नंबर बघून घ्या.

पैसे कशाच्या बदल्यात आले ते आधी ठरवा

सगळं ह्याच्यावर आहे. पैसे कोणी दिले, चेकने दिले की ऑनलाइन, ते नंतर. ते कशाच्या जागी आले हे बघायचं. जी कमाई बुडाली तिच्या बदल्यात आले असतील तर ती कमाई जशी धरली गेली असती तसेच ते पैसे धरले जातात. वस्तू मोडली, भिंत पडली, ती पुन्हा उभी करायला आले असतील तर ती कमाई नाही, तुम्ही होता तिथेच परत आलात. आणि ज्या नुकसानीची वजावट तुम्ही आधीच धंद्याच्या खर्चात घेतली असेल, तिची भरपाई मिळाली तर ती उत्पन्नात येणार, कारण एकाच नुकसानीचा फायदा दोनदा घेता येत नाही.

पैसे आले त्याच दिवशी एका कागदावर लिहून ठेवा की कोणाकडून आले, किती, कुठल्या तारखेला, कशाच्या नुकसानीचे. पासबुकात नुसतं एनईएफटी आणि एक लांबलचक नंबर येतो, दोन वर्षांनी तुम्हालाही आठवणार नाही ते पैसे कशाचे होते.

सरकारी मदत

पूर, गारपीट, वादळ, आग अशा आपत्तीत केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा नगरपालिका-ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेकडून जी भरपाई मिळते ती कलम १०(१०बीसी) खाली करमुक्त आहे. माणूस गेला असेल आणि वारसाला मिळाली असेल तरी करमुक्त. आपत्ती कशाला म्हणायचं ते आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये दिलंय. तहसीलमधून डीबीटीने जे पैसे येतात ते बहुतेक ह्याच्यातच बसतात. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, दुभती गाय-म्हैस गेली तर ३७,५००, ओढकामाचा बैल गेला तर ३२,००० असे आकडे होते. ह्यातला एक रुपयाही उत्पन्नात धरायचा नाही.

पण मग रिटर्नमध्ये दाखवायचं की नाही? मी म्हणेन दाखवा. आयटीआर-१ ह्या साध्या फॉर्ममध्येसुद्धा करमुक्त उत्पन्नाची एक यादी उघडते, त्यात १०(१०बीसी) असा पर्याय सरळ दिलेला आहे, तो निवडायचा आणि रक्कम टाकायची. टॅक्स वाढत नाही आणि उद्या कोणी विचारलं की ही एवढी रक्कम कुठून आली, तर उत्तर आधीच दिलेलं असतं. सोबत तलाठ्याच्या पंचनाम्याची नक्कल (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि लाभार्थी यादीत आपलं नाव असलेलं पान, दोन्ही झेरॉक्स काढून ठेवा. पंचनाम्याची नक्कल त्याच महिन्यात मागा, नंतर मिळवताना फार त्रास होतो.

केळीचा विमा आणि नोकरी करणारा शेतकरी

शेतीचं उत्पन्न करमुक्त, हे सगळ्यांना माहीत असतं. हवामान आधारित फळपीक विम्याचे पैसे पिकाच्या जागी आलेले असतात, म्हणून तेही शेतीच्याच जमेत धरायचे. नुसता शेतकरी असेल तर विषय संपला. अडचण येते ती झेडपी शिक्षकाला, बँकेतल्या क्लार्कला, एसटीतल्या कंडक्टरला, ज्याची सावद्याकडे किंवा चोपड्याकडे दोन-तीन एकर केळी पण आहे आणि पगार पण आहे.

शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. त्यात शेड्यूल ईआय नावाचा करमुक्त उत्पन्नाचा भाग आहे. तिथे शेतीची एकूण जमा, शेतीचा खर्च आणि मागच्या आठ वर्षांतला न वळता झालेला शेतीचा तोटा असे वेगवेगळे रकाने आहेत. विम्याचे पैसे जमेत टाका आणि खर्चाच्या रकान्यात रोपं, ठिबक, खत, मजुरी, बागेत पडलेले घड आणि खोडं बाहेर काढायची मजुरी हे सगळं धरा. वादळाच्या वर्षी बऱ्याचदा विमा धरूनही तोटाच निघतो. तो तोटा त्याच वर्षीच्या रिटर्नमध्ये लिहून ठेवला तर पुढच्या वर्षांच्या शेती उत्पन्नातून वजा करता येतो, आणि नोकरी करणाऱ्याला याचा खरा उपयोग होतो, कारण निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर आणि बाकीचं उत्पन्न मूळ सवलतीच्या मर्यादेच्या वर गेलं की शेतीचं उत्पन्न स्लॅब ठरवताना मिळवून बघतात, म्हणजे शेतीवर टॅक्स नाही पण पगारावरचा वाढतो. म्हणून तोट्याचं वर्ष वाया घालवू नका. निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर जिल्हा, पिनकोड, जमीन किती, स्वतःची की नफ्याने (भाडेपट्ट्याने) केलेली, बागायती की कोरडवाहू हेही भरावं लागतं, सातबारा समोर घेऊनच बसा.

गाडी, फ्रिज, घरातलं सामान

घरच्या वापराची गाडी ठोकली गेली किंवा पुरात बुडाली आणि विमा कंपनीने पैसे दिले, तर त्यावर टॅक्स नाही. स्वतःच्या वापराच्या हलत्या वस्तू कायद्याने भांडवली मालमत्तेत धरतच नाहीत. टोटल लॉस झाला तरी तेच. सोनं मात्र ह्यात येत नाही, दागिने वेगळे धरतात, त्यांचा विषय सीएला विचारूनच करा.

गाडी धंद्याची असेल, म्हणजे भाड्याने चालवायचा पिकअप, तर हिशेब बदलतो. दुरुस्तीचे पैसे कंपनीने दिले असतील तर तोच दुरुस्ती खर्च पुन्हा धंद्यात टाकायचा नाही, आपल्या खिशातून गेला तेवढाच टाकायचा. टोटल लॉस असेल तर मिळालेली रक्कम घसाऱ्याच्या गटातून वजा होते.

घराचा विमा

१९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने वानिया सिल्क मिल्सच्या केसमध्ये सांगितलं होतं की आगीत जळालेल्या मशिनरीचे विम्याचे पैसे म्हणजे मालमत्तेची विक्री नव्हे, म्हणून त्यावर कॅपिटल गेन (मालमत्ता विकून होणारा नफा) नाही. मग सरकारने १९९९ च्या वित्त कायद्याने कलम ४५(१ए) आणलं. पूर, वादळ, भूकंप, दंगल, अपघाती आग, स्फोट, युद्ध अशा कारणांनी मालमत्ता गेली आणि विमा कंपनीकडून पैसे आले, तर त्यातला जो नफा असेल तो पैसे मिळाले त्या वर्षी कॅपिटल गेन म्हणून धरतात.

नफा असेल तर, हे लक्षात घ्या. स्लॅब गळायला लागला, एक भिंत बसली, विमा कंपनीने २ लाख दिले आणि दुरुस्तीला २ लाख ३० हजार लागले, तर टॅक्स लावायला शिल्लक काय राहिलं? मिस्त्रीची सहीची पावती, सिमेंट-लोखंडाची बिलं, सर्व्हेअरचा रिपोर्ट आणि पडझडीचे फोटो एका फाईलला लावा. पूर्ण घरच गेलं आणि मोठी रक्कम आली तर मात्र मूळ किंमत काढावी लागते, आजोबांच्या काळातलं घर असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो, आणि तिथे स्वतः अंदाजे आकडे टाकू नका, व्हॅल्युअर आणि सीए दोघंही लागतील.

दुकानातला माल

इथे करमुक्त म्हणून गप्प बसलात तर सापडाल. माल म्हणजे विकून कमवायची वस्तू, त्याचे विम्याचे पैसे धंद्याच्या जमेत येतात. दुसऱ्या बाजूला गेलेल्या मालाचा तोटा खर्चात येतो, त्यामुळे हिशेब बराचसा जुळतो. दुकान बंद राहिलं म्हणून बुडालेल्या नफ्याची पॉलिसी असेल तर ते पैसे सरळ उत्पन्न.

जीएसटीवाल्यांनी एक काम आधी करायचं. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) खाली परत करावं लागतं, म्हणून क्लेम लावतानाच सर्व्हेअरला सांगा की मालाची किंमत जीएसटी धरून लावा. पुष्कळ दुकानदार मूळ किमतीचा क्लेम लावतात आणि नंतर क्रेडिट खिशातून भरतात.

कंपनीने चुकून टीडीएस कापला तर

लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात, म्हणून एक उदाहरण घेऊन पूर्ण सांगतो. समजा जळगाव एमआयडीसीत तुमचं गोडाऊन आहे, एका कंपनीला भाड्याने दिलेलं. कंपनीने गोडाऊन सोडलं तेव्हा तुम्ही बघितलं तर फोर्कलिफ्टने फरशी उखडलेली, शटर वाकलेलं. बोलणी झाली आणि कंपनीने १ लाख ८० हजार भरपाई कबूल केली. पण त्यांच्या अकाउंटवाल्याने सवयीने ते भाड्याच्या खात्यात टाकलं, १९४आय खाली १० टक्के म्हणजे १८ हजार टीडीएस कापला आणि तुम्हाला १ लाख ६२ हजार पाठवले. आता फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या टीडीएसची नोंद) आणि एआयएस (तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची आयकर खात्याकडची यादी) दोन्हीकडे तुमचं भाडं १ लाख ८० हजारांनी वाढलेलं दिसतं.

तसंच सोडून दिलं तर काय होतं बघा. घरभाड्याच्या उत्पन्नात प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च वजा होत नाही, सरसकट ३० टक्के वजावट मिळते. म्हणजे ५४ हजार वजा जाऊन १ लाख २६ हजारांवर टॅक्स, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेस धरून ३९ हजारांच्या वर. आणि फरशी बसवायचे पैसे वेगळे जाणारच.

पहिलं काम, कंपनीला लेखी कळवायचं. फोनवर सांगून काही होत नाही, मेल करा किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा. मजकूर साधा ठेवा, असा:

"आपण दिनांक अमुक रोजी मला १,८०,००० रुपये दिले व त्यावर कलम १९४आय खाली १८,००० रुपये टीडीएस कापला. सदर रक्कम भाड्याची नसून गोडाऊनची फरशी व शटर यांच्या नुकसानीची भरपाई आहे, तसा उल्लेख आपल्या दिनांक अमुकच्या पत्रात आहे. कृपया २६क्यू विवरणपत्रात दुरुस्ती करावी, अथवा ही रक्कम नुकसानभरपाईची असल्याचं पत्र द्यावं."

शेवटची ओळ मुद्दाम घातलीय. टीडीएस एकदा सरकारजमा झाला की कंपन्या दुरुस्ती करायला टाळाटाळ करतात, पण पत्र द्यायला सहसा नाही म्हणत नाहीत, आणि ते पत्रही पुरतं.

दुसरं काम एआयएसवर. ई-फायलिंग पोर्टलला लॉगिन करा, एआयएस उघडा, वर्ष निवडा, ती नोंद शोधा आणि तिच्यापुढच्या ऑप्शनल ह्या बटणावर दाबून फीडबॅक द्या. तिथे बरेच पर्याय येतात, माहिती बरोबर आहे, माहिती पूर्ण बरोबर नाही, हे उत्पन्न करपात्र नाही, दुसऱ्या पॅनचं किंवा वर्षाचं आहे, दोनदा आलंय, माहिती नाकारतो असे. भरपाई आणि भाडं एकाच नोंदीत मिसळलं असेल तर पूर्ण बरोबर नाही हा पर्याय घेऊन भाड्याचा खरा आकडा टाका. भरपाईची ओळ वेगळी दिसत असेल तर करपात्र नाही हा घ्या. पैसे खरंच आलेत तर नाकारतो वर चुकूनही दाबू नका, ते खोटं ठरतं. फीडबॅक दिल्याची पावती डाउनलोड करून फाईलला लावा. आणि फीडबॅक दिला म्हणजे रिटर्न आपोआप सुधारला असं होत नाही, रिटर्नमध्ये ते वेगळं भरावंच लागतं.

तिसरं काम रिटर्नचं. आयटीआर-२ घ्या (धंदाही असेल तर आयटीआर-३). भाड्यात फक्त खरं भाडं दाखवा. १ लाख ८० हजार शेड्यूल ईआयमध्ये इतर करमुक्त मध्ये टाका आणि वर्णनात स्पष्ट लिहा, गोडाऊनच्या नुकसानीची भरपाई, कॅपिटल रिसीट (म्हणजे भांडवली जमा, कमाई नव्हे). पूर्ण १ लाख ८० हजार टाकायचे बरं का, हातात आलेले १ लाख ६२ हजार नाही. मग टीडीएसच्या शेड्यूलमध्ये ते १८ हजार क्लेम करा, तिथे उत्पन्नाचा प्रकार विचारतात, त्यात ईआय निवडा. हे जुळवलं नाही आणि नुसता टीडीएस मागितला, तर २६एएसमधली जमा आणि रिटर्नमधली जमा जुळत नाही म्हणून १३९(९) ची डिफेक्टिव्ह रिटर्नची नोटीस येऊ शकते, तिला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मिळालेले पैसे फरशी-शटरवर खर्च केल्याची बिलं ठेवा. भरपाई १ लाख ८० हजार आणि खर्च ९० हजार असं दिसलं की अधिकारी उरलेल्याचं विचारणार, आणि त्याचं विचारणं चूक नाही.

ट्रकने कंपाउंड पाडलं, मालकाने पैसे दिले

गावात हे सर्रास तोंडी मिटतं. पण नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५०,००० च्या वर रक्कम काही मोबदल्याशिवाय मिळाली तर ती कलम ५६(२)(एक्स) खाली उत्पन्न धरली जाते. कागद नसेल तर तुमची भरपाई आणि फुकट मिळालेले पैसे यात फरक दाखवणार कसा? म्हणून एक साधी पावती करा, तारीख, गाडी नंबर, काय पडलं, किती ठरले, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. ५,००० च्या वरच्या पावतीला १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावा. पैसे बँकेतूनच घ्या. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतलीत तर २६९एसटी मोडतं आणि जेवढी रक्कम घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, भरपाई खरी असली तरीही.

व्याज वेगळं काढा

क्लेम लांबला, ग्राहक आयोगात गेलात आणि निकालात भरपाई अधिक व्याज मिळालं, तर भरपाई वरच्या नियमाने आणि व्याज हे उत्पन्न. निकालपत्रात दोन्ही आकडे वेगळे असतात पण खात्यावर एकच रक्कम येते, म्हणून कंपनीकडून फोड लेखी मागा. भरपाईची एफडी केली असेल तर तिचं व्याजही करपात्र, हे बरेच जण विसरतात आणि एआयएस विसरत नाही.

आधीच चुकून टॅक्स भरला असेल तर

मुदतीच्या आत असाल तर रिव्हाइज्ड रिटर्न भरा, भरपाई उत्पन्नातून काढून ईआयमध्ये न्या, रिफंड येईल. मुदत गेली असेल तर आयटीआर-यू (मुदतीनंतर भरायचा अपडेटेड रिटर्न) उपयोगाचा नाही, त्यात टॅक्स कमी करता येत नाही की रिफंड मागता येत नाही. मग कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, त्याला कारण आणि कागद दोन्ही भक्कम लागतात.

नुसती १४३(१)(ए) ची सूचना आली असेल की तुमचं उत्पन्न आम्ही वाढवतोय, तर ३० दिवस असतात. पोर्टलवरच असहमत निवडा, दोन-चार ओळींत पैसे कशाच्या बदल्यात आले ते लिहा आणि पंचनामा, सर्व्हे रिपोर्ट किंवा कंपनीचं पत्र जोडा. उत्तरच दिलं नाही तर ३० दिवसांनंतर ती वाढ तशीच धरून हिशेब होतो, म्हणून पोर्टलवर तुमचा चालू मोबाईल नंबर आणि मेल आहे का ते आजच बघून घ्या, पुष्कळांच्या रिटर्नला अजून जुन्या टॅक्सवाल्याचाच मेल लावलेला असतो आणि नोटीस त्याच्याकडे पडून राहते.